इच्छारूपी स्नानसंस्कार : ख्रिस्तसभा नेमके काय शिकवते?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. उपवासकाळाचे दिवस होते. ईस्टरच्या जागरणविधीत स्नानसंस्कार स्वीकारण्यासाठी वर्षभर तयारी करीत असलेल्या एक भगिनी हृदयविकाराच्या झटक्याने अचानक देवाघरी गेल्या. दर रविवारी त्या आपल्या गावाहून एस.टी.ने कोल्हापुरात मिस्सेला येत. श्रद्धांगीकार त्यांना तोंडपाठ झाला होता. त्या मंगल रात्री नेसण्यासाठी पांढरी साडीही त्यांनी आणून ठेवली होती. त्यांचा थोरला मुलगा आधीच ख्रिस्ती झालेला. तो रात्री उशिरा माझ्या दाराशी आला आणि एवढेच म्हणाला, “फादर, आईचा बाप्तिस्मा राहूनच गेला. आता तिचं काय?”

त्याच्या या एका वाक्यात दोन प्रश्न होते. आईला ख्रिस्ती विधीने मूठमाती मिळेल का, हा पहिला. आणि ती देवाच्या घरी पोहोचली असेल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मी तिथेच दिले : होय, मिळेल. दुसऱ्याचे उत्तरही मी दिले. परंतु दुःखाच्या त्या घटकेला ते सविस्तर सांगणे शक्य नव्हते. पुढे अनेक धर्मग्रामवासीयांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. म्हणून तो आज येथे नीट मांडत आहे.

या विषयावर आपल्यात दोन टोकांची मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, “पाण्याने बाप्तिस्मा नाही, तर तारण नाही, जुन्या पोपमहोदयांनी तसे स्पष्ट लिहून ठेवले आहे.” दुसरे म्हणतात, “द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर सगळे बदलले. देव सर्वांनाच तारतो. मग बाप्तिस्म्याची गरजच काय?” दोन्ही पक्ष पोपमहोदयांचाच दाखला देतात. म्हणूनच पोपमहोदयांनी काय शिकविले आणि ते कोणत्या अधिकाराने शिकविले, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

संस्कार एक, वाटा तीन

स्नानसंस्कार आवश्यक आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण निःसंदिग्ध आहे. पाणी आणि आत्मा यांपासून जन्म घेतल्याविना देवाच्या राज्यात प्रवेश नाही, असे प्रभू येशूने निकदेमाला सांगितले, हे आपण योहानलिखित शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात वाचतो. सर्व राष्ट्रांना शिष्य करून त्यांना बाप्तिस्मा द्या, ही प्रभूची आज्ञा मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या शेवटी येते. या दोन वचनांना ख्रिस्तसभेने कधीही बगल दिलेली नाही.

तरीही अगदी आरंभापासून ख्रिस्तसभा तीन वाटांविषयी बोलत आली आहे. पहिली पाण्याची. दुसरी रक्ताची : स्नानसंस्काराआधीच जो ख्रिस्तासाठी प्राण देतो, त्याच्यासाठी त्याचे हौतात्म्य हाच बाप्तिस्मा ठरतो. तिसरी इच्छेची : ज्याने श्रद्धेने, प्रीतीने आणि पापांविषयीच्या पश्चात्तापाने स्नानसंस्काराची आस धरली, परंतु मृत्यूने ज्याला तेथवर पोहोचू दिले नाही, त्याला देव त्या संस्काराचे फळ देतो.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. संस्कार फक्त पाण्याचा. रक्त आणि इच्छा यांतून त्या संस्काराची कृपा लाभते. पण आत्म्यावर उमटणारी स्नानसंस्काराची अमिट मुद्रा लाभत नाही आणि इतर संस्कारांचे दारही उघडत नाही. म्हणून आस धरलेला दीक्षार्थी जिवंत असेल, तर त्याने पाण्याकडे यायलाच हवे. इच्छारूपी स्नानसंस्कार ही पाण्याऐवजी निवडण्याची सोपी पळवाट नव्हे. संस्कारांचे बंधन आपल्याला आहे. ते देणाऱ्या देवाला नाही, एवढेच ही शिकवण सांगते.

प्राचीन ख्रिस्तसभेची साक्ष

“ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही” हे सूत्र तिसऱ्या शतकातील कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांच्या लेखनातून आले आहे. आज जे लोक हे सूत्र काठीसारखे वापरतात, त्यांनी त्याची पूर्वपीठिका जाणून घ्यावी. पाखंडी गटांमध्ये दिलेला बाप्तिस्मा खरा मानायचा की नाही, असा तेव्हाचा वाद होता. सिप्रियन म्हणत, तो खरा नाही. परत येणाऱ्यांना पुन्हा बाप्तिस्मा द्यावा. रोमचे बिशप, म्हणजेच पोप पहिले स्टीफन, यांनी इसवी सन २५६ च्या सुमारास त्यांना विरोध केला. बाप्तिस्मा योग्य रीतीने झाला असेल, तर तो पुन्हा द्यायचा नाही, ही रोमची परंपरा त्यांनी निक्षून सांगितली. कालांतराने संपूर्ण ख्रिस्तसभेने रोमचाच निर्णय मान्य केला.

या जुन्या निर्णयाचा लाभ आपल्या कोल्हापूरला आजही होतो. रेव्हरंड रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली येथे आले, तेव्हापासून या शहरात प्रॉटेस्टंट बांधवांची मोठी परंपरा आहे. त्यांच्यातील कोणी कॅथोलिक कुटुंबात विवाह करून आले किंवा कॅथोलिक ख्रिस्तसभेत प्रवेश करू इच्छिले, तर पाण्याने आणि त्रैक्याच्या नावाने झालेला त्यांचा बाप्तिस्मा आपण पुन्हा देत नाही. सूत्र सिप्रियनचे, परंतु त्या सूत्राची मर्यादा रोमने ठरविली. विशेष म्हणजे स्वतः सिप्रियन यांनीच, पाण्याआधी हौतात्म्य पत्करणारे दीक्षार्थी बाप्तिस्म्याच्या कृपेला मुकत नाहीत, असे त्याच पत्रव्यवहारात लिहिले आहे.

पुढचे उदाहरण माझ्या दाराशी आलेल्या त्या मुलाला फार जवळचे वाटले. इसवी सन ३९२ मध्ये तरुण रोमन सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन मरण पावला. तो दीक्षार्थी होता. मिलानचे बिशप संत अँब्रोज यांच्याकडून त्याला बाप्तिस्मा घ्यायचा होता. पण ते पोहोचण्याआधीच त्याचा अंत झाला. त्याच्या बहिणी शोकाकुल झाल्या. अंत्यविधीच्या प्रवचनात अँब्रोज यांनी त्यांना धीर दिला : त्याने जी कृपा मागितली, ती त्याला मिळाली आहे. अँब्रोज यांच्या हातून बाप्तिस्मा घेतलेले संत ऑगस्टीन यांनीही, वेळेअभावी संस्कार घेता आला नाही तर श्रद्धा आणि हृदयपरिवर्तन ती उणीव भरून काढू शकतात, असे प्रतिपादन केले.

पोपमहोदयांच्या स्तरावरील एक ठळक निर्णय १२०६ सालचा आहे. मरणासन्न अवस्थेत असलेल्या एका यहुदी माणसाने, जवळ कोणी ख्रिस्ती नसल्यामुळे, स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा दिला. पोप तिसरे इनोसंट यांनी निर्णय दिला : बाप्तिस्मा देणारा आणि घेणारा एकच असू शकत नाही, म्हणून तो संस्कार झालाच नाही, परंतु तो त्या क्षणी मरण पावला असता, तर त्या संस्कारावरील श्रद्धेमुळे थेट स्वर्गात गेला असता. संस्काराच्या नियमात रतीभरही सूट नाही आणि देवाच्या दयेलाही आडकाठी नाही. या एका निर्णयात आपल्या विषयाचे सार आले आहे.

पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी या शिकवणुकीची सुसूत्र मांडणी केली आणि त्रेंतच्या विश्वपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजीच्या आपल्या निर्णयात तिला भक्कम पाया दिला. माणूस पापी अवस्थेतून कृपेच्या अवस्थेत येतो तो स्नानसंस्काराने अथवा त्याच्या इच्छेने, असे त्या परिषदेने नमूद केले. म्हणजे इच्छारूपी स्नानसंस्कार हा विसाव्या शतकातील एखाद्या उदारमतवाद्याचा शोध आहे, हा समज चुकीचा आहे.

नवे प्रदेश, नवा प्रश्न

मग १३०२ साली पोप आठवे बोनिफेस यांनी आणि १४४२ साली फ्लॉरेन्सच्या विश्वपरिषदेने इतकी कठोर भाषा का वापरली, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. बोनिफेस यांचा संघर्ष फ्रान्सच्या राजाशी होता. फ्लॉरेन्सपुढे दुरावलेल्या पौर्वात्य ख्रिस्ती समाजांच्या ऐक्याचा विषय होता. शुभवर्तमान जगभर पोहोचलेच आहे, जो बाहेर आहे तो जाणूनबुजून बाहेर आहे, अशी त्या काळच्या युरोपातील सर्वसाधारण समजूत होती. त्यानंतरच्या सुमारे अर्धशतकात अमेरिका खंड युरोपला ज्ञात झाला आणि पोर्तुगीज जहाजे भारताच्या किनाऱ्याला लागली. येशूचे नावही ज्यांच्या कानी पडलेले नाही, असे कोट्यवधी लोक जगात आहेत, हे तेव्हा लक्षात आले.

तो प्रश्न ज्यांना प्रत्यक्ष भोगावा लागला, त्यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाला आपल्यापैकी अनेक कुटुंबे ३ डिसेंबरच्या सणाला जुन्या गोव्यात जातात. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात आले आणि १५४९ साली जपानला पोहोचले. जपानमधील नवख्रिस्ती त्यांना विचारीत, “आमचे आईवडील, आजेपणजे बाप्तिस्म्याविना गेले, त्यांची सुटका होईल का?” आपल्या काळच्या धर्मशिक्षणाला अनुसरून झेवियर यांनी नकारार्थी उत्तर दिले. ते ऐकून लोक रडत, आणि त्यांचे अश्रू पाहून आपल्यालाही दुःख होई, असे त्यांनी १५५२ सालच्या पत्रात प्रांजळपणे कळविले आहे. मात्र त्याच पत्रात आणखी एक विचार आढळतो : देवाचा नियम कोणी शिकविण्याआधीच त्याने तो माणसांच्या हृदयात कोरला आहे, असे झेवियर यांनी त्या जपानी लोकांना समजावून सांगितले. तो धागा पुढे नेण्याचे काम ख्रिस्तसभेने नंतरच्या शतकांत केले.

पोप नववे पायस यांनी १० ऑगस्ट १८६३ च्या विश्वपत्रात दोन्ही बाजू एकत्र मांडल्या. ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही, हे सूत्र त्यांनी कायम ठेवले. त्याच वेळी हेही सांगितले, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना खऱ्या धर्माचे ज्ञान झालेले नाही, जे हृदयातील निसर्गनियम पाळतात आणि देवाची आज्ञा मानण्यास सिद्ध असतात, त्यांना देवाच्या प्रकाशाने आणि कृपेने सार्वकालिक जीवन लाभू शकते. देव निर्दोष माणसाला शिक्षा करीत नाही, हे त्यामागचे तत्त्व होय. हे पोप तेच, ज्यांच्या कारकिर्दीत १८७० साली पोपमहोदयांच्या अचूकतेचा सिद्धांत घोषित झाला. त्यांना कोणी मवाळ म्हणणार नाही.

बोस्टनचा वाद

विसाव्या शतकात हा वाद अमेरिकेतील बोस्टन येथे विकोपाला गेला. फादर लेनर्ड फीनी हे येशूसंघीय धर्मगुरू प्रभावी वक्ते आणि लेखक होते. पाण्याचा बाप्तिस्मा न घेतलेला आणि पोपमहोदयांच्या अधीन नसलेला कोणीही तरणार नाही, असे ते व त्यांचे अनुयायी शिकवू लागले. बोस्टनचे आर्चबिशप रिचर्ड कुशिंग यांनी हे प्रकरण रोमकडे नेले. श्रद्धारक्षणाची जबाबदारी सांभाळणाऱ्या ‘होली ऑफिस’ने ८ ऑगस्ट १९४९ रोजी पोप बारावे पायस यांच्या संमतीने कुशिंग यांना पत्र लिहिले.

त्या पत्राचा आशय तीन मुद्द्यांत सांगता येतो. पहिला : ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही, ही शिकवण सत्य आहे; परंतु तिचा अर्थ ख्रिस्तसभा स्वतः जसा सांगते तसाच घ्यायचा, खाजगी मतानुसार नव्हे. दुसरा : प्रत्येक वेळी ख्रिस्तसभेचे प्रत्यक्ष सभासद असणे अनिवार्य नाही, तिच्याशी इच्छेने जोडलेले असणे आवश्यक आहे. ही इच्छा दीक्षार्थ्यांमध्ये व्यक्त असते. निर्दोष अज्ञानात असलेल्या माणसात ती अव्यक्त असू शकते. देवाची जी इच्छा तीच माझी, अशी त्याच्या अंतःकरणाची ठेवण असते. तिसरा मुद्दा फारसा कोणी सांगत नाही : कोणतीही मोघम सदिच्छा पुरेशी नाही. ती इच्छा परिपूर्ण प्रीतीने प्रेरित आणि देवदत्त श्रद्धेवर उभी असली पाहिजे.

फादर फीनी यांनी हे मानले नाही. रोमने बोलावले, तेव्हा ते गेले नाहीत. अखेर १३ फेब्रुवारी १९५३ रोजी त्यांना ख्रिस्तसभेतून बहिष्कृत करण्यात आले. आदेशातील कारण होते गंभीर आज्ञाभंग. पोपमहोदयांच्या अधीन राहिल्याविना तारण नाही, असे जगाला बजावणारा मनुष्य स्वतःच पोपमहोदयांचा शब्द मानेना, हा या प्रकरणातील विषाद आहे. सुदैवाने शेवट गोड झाला. १९७२ साली ख्रिस्तसभेने त्यांना पुन्हा जवळ घेतले. आपले मत जाहीरपणे मागे घेण्याची सक्तीही त्यांच्यावर झाली नाही. १९७८ साली ते ख्रिस्तसभेच्या कुशीत मरण पावले. त्यावरून त्यांचे मत रोमने मान्य केले, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. दार मुलासाठी उघडले. शिकवण होती तिथेच राहिली.

मुंबई, पुणे आणि १९६४ साल

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा आपल्या महाराष्ट्रात घडला, हे अनेकांना ठाऊक नसेल. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी रोममध्ये द्वितीय व्हॅटिकन परिषदेचा ‘लुमेन जेन्सियुम’ हा ख्रिस्तसभेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. त्याच्या १४ व्या परिच्छेदात, व्यक्त इच्छा धरलेल्या दीक्षार्थ्यांना ख्रिस्तसभा माता म्हणून आधीच आपली मुले मानते, असे सांगितले आहे. १६ व्या परिच्छेदात, स्वतःच्या दोषाविना शुभवर्तमानापासून दूर राहिलेल्या, पण प्रामाणिकपणे देवाचा शोध घेणाऱ्या लोकांच्या तारणाची शक्यता मांडली आहे.

त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी मुंबईत एक धर्मशास्त्रीय परिषद भरली. मुंबईतील ३८ व्या आंतरराष्ट्रीय युखारिस्त महोत्सवाच्या निमित्ताने भरलेल्या या परिषदेचा विषय होता, ख्रिस्ती प्रकटीकरण आणि ख्रिस्तेतर धर्म. तिच्यामागे होते पुण्यातील येशूसंघीय धर्मशास्त्रज्ञ फादर जोसेफ नॉयनर. कोल्हापूर २००५ सालापर्यंत पुणे धर्मप्रांतातच होते. पुण्याच्या धर्मविद्यालयात अनेक पिढ्यांचे धर्मगुरू घडविणारे हे ऑस्ट्रियन गुरुजन व्हॅटिकन परिषदेचे तज्ज्ञ सल्लागारही होते. शंभरी ओलांडल्यावर डिसेंबर २००९ मध्ये पुण्यातच त्यांनी देह ठेवला.

त्या परिषदेत स्विस धर्मशास्त्रज्ञ हान्स क्युंग यांनी एक धाडसी मत मांडले. जगातील धर्म हाच बहुसंख्य मानवांसाठी तारणाचा सर्वसाधारण मार्ग आहे आणि ख्रिस्तसभा हा विशेष, असाधारण मार्ग आहे, असा त्यांचा रोख होता. त्यावर बरीच खळबळ माजली. ख्रिस्तसभेने ही मांडणी आपली म्हणून कधी स्वीकारली नाही.

काही दिवसांतच पोप सहावे पॉल मुंबईत आले. भारताच्या भूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. ३ डिसेंबर १९६४ रोजी, संत फ्रान्सिस झेवियर यांच्याच सणादिवशी, त्यांनी अन्य धर्मांच्या प्रतिनिधींना उद्देशून भाषण केले आणि त्यात बृहदारण्यक उपनिषदातील सुप्रसिद्ध प्रार्थनेचा आदराने उल्लेख केला. भारतीय माणसाच्या अंतःकरणातील देवाची तहान त्यांनी ओळखली. परंतु याच पोपमहोदयांनी १९७५ साली शुभवर्तमान-घोषणेविषयीच्या आपल्या पत्रात आपल्याला अंतर्मुख करणारा प्रश्न विचारला. देव आपल्याला अज्ञात असलेल्या मार्गांनी इतरांना तारू शकेल. परंतु भीतीमुळे किंवा आळसामुळे शुभवर्तमान सांगायचे आपण टाळले, तर आपले स्वतःचे तारण होईल का?

दुसरे टोक आणि तोच रखवालदार

फादर फीनी यांच्या रूपाने एक टोक आपण पाहिले. दुसऱ्या टोकाला उत्तर पोप दुसरे जॉन पॉल यांच्या काळात मिळाले. त्यांच्या मान्यतेने ६ ऑगस्ट २००० रोजी ‘दोमिनुस येसुस’ हे निवेदन निघाले. ख्रिस्त हाच एकमेव तारणारा आहे आणि ख्रिस्तसभेला इतर मार्गांच्या बरोबरीचा एक मार्ग मानता येणार नाही, असे त्यात ठासून सांगितले आहे. अन्यधर्मीयांना देवाची कृपा मिळू शकते, हेही त्यात मान्य केले आहे. त्या निवेदनातील भाषेविषयी भारतातही बरीच चर्चा झाली. छत्तीस वर्षे भारतात राहिलेले आणि फादर नॉयनर यांच्यासह ख्रिस्तसभेच्या सैद्धांतिक दस्तऐवजांचा सुप्रसिद्ध संग्रह सिद्ध करणारे फादर जॅक ड्युप्वी यांच्या ग्रंथाविषयी २००१ साली रोमने खुलासा प्रसिद्ध केला. त्यातील काही संदिग्ध विधानांमुळे वाचकाचा गैरसमज होऊ शकतो, असे त्यात म्हटले होते. फादर ड्युप्वी यांनी त्या खुलाशाला संमती दिली.

हान्स क्युंग यांचे पुढे वेगळ्याच प्रश्नावरून रोमशी बिनसले. पोपमहोदयांच्या अचूकतेवर त्यांनी आक्षेप घेतला आणि डिसेंबर १९७९ मध्ये कॅथोलिक धर्मशास्त्रज्ञ म्हणून शिकविण्याची त्यांची अनुमती काढून घेण्यात आली. फीनी आणि क्युंग एकमेकांच्या अगदी विरुद्ध टोकांना उभे होते. तरी दोघेही एकाच दाराशी अडले : ख्रिस्तसभेच्या श्रद्धेचा अर्थ अखेरीस कोण ठरविणार?

पोपमहोदयांचा अधिकार म्हणजे काय, हे यातून समजते. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने अचूकतेचा सिद्धांत मांडतानाच त्याची मर्यादाही सांगितली : पेत्राच्या वारसदारांना पवित्र आत्म्याचे वचन नवे सिद्धांत निर्माण करण्यासाठी दिलेले नाही, प्रेषितांकडून आलेला ठेवा निष्ठेने राखावा आणि उलगडून सांगावा, यासाठी दिले आहे. पोपमहोदय त्या ठेव्याचे मालक नाहीत. ते रखवालदार आहेत.

त्यांच्या प्रत्येक शब्दाचे वजनही सारखे नसते. विश्वपरिषदेचा श्रद्धाविषयक निर्णय, विश्वपत्र, रोममधील कार्यालयाने पोपमहोदयांच्या संमतीने पाठविलेले पत्र आणि धर्मशास्त्रज्ञांच्या आयोगाचा अभ्यास यांच्या पायऱ्या वेगवेगळ्या आहेत. एखादे जुने वाक्य एकटेच उचलून त्याला नंतरच्या अधिकृत विवरणाविरुद्ध उभे करणे ही कॅथोलिक पद्धत नव्हे. इच्छारूपी स्नानसंस्कार एखाद्या सुट्या वाक्यावर उभा नाही. संत अँब्रोज यांच्यापासून त्रेंतपर्यंत आणि १९४९ च्या पत्रापासून १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथापर्यंत एकच सूर ऐकू येतो.

आपल्या धर्मग्रामात याचा अर्थ काय?

दीक्षार्थ्यांविषयी ख्रिस्तसभेचा १९८३ चा कायदा स्पष्ट आहे. अंत्यविधीच्या बाबतीत दीक्षार्थी ख्रिस्ती श्रद्धावंतांमध्येच गणले जातात (नियम ११८३). त्यांच्या दफनाला आडकाठी करणे योग्य नाही. ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल, त्यांनी निःसंकोच धर्मगुरूंकडे यावे.

बाप्तिस्म्याआधी मरण पावलेल्या बालकांविषयी अनेक माता मूक दुःख वाहत असतात. त्यांना बाप्तिस्मा देण्याची आईवडिलांची इच्छा असेल, तर बिशपमहोदयांच्या अनुमतीने त्यांचा ख्रिस्ती अंत्यविधी होऊ शकतो. लिंबोची कल्पना ही श्रद्धेचा बंधनकारक सिद्धांत कधीच नव्हती. पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या अनुमतीने एप्रिल २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाच्या अभ्यासात, अशा बालकांच्या तारणाची आशा धरण्यास गंभीर आधार आहे, असा निष्कर्ष आहे. ही खात्री नव्हे. प्रार्थनेत धरलेली आशा आहे. म्हणूनच नवजात बालकाचा बाप्तिस्मा घरातील समारंभाच्या सोयीसाठी महिनोन्‌महिने लांबवू नये.

बालकाचा जीव धोक्यात असेल आणि धर्मगुरू वेळेत येऊ शकत नसतील, तर योग्य हेतू असलेली कोणतीही व्यक्ती बाप्तिस्मा देऊ शकते. मस्तकावर तीनदा पाणी ओतावे आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने “मी तुला बाप्तिस्मा देतो” असे म्हणावे. ‘आम्ही’ म्हणू नये; त्या शब्दाने बाप्तिस्मा होत नाही, असे रोमने २०२० साली स्पष्ट केले आहे. मात्र रुग्णालयांत सेवा करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी एक पथ्य पाळावे. मरणासन्न प्रौढ रुग्णाने स्वतः तशी इच्छा दर्शविली नसेल, तर त्याला गुपचूप बाप्तिस्मा देऊ नये. ज्या शिकवणुकीचा पायाच इच्छा हा आहे, तिच्या नावाने कोणाच्या इच्छेचा अनादर होता कामा नये.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. येशूवर मनापासून श्रद्धा ठेवणारे, नोव्हेनाला नियमाने येणारे, पण बाप्तिस्मा न घेतलेले अनेक जण आपल्या परिचयाचे आहेत. कोणाला घर तुटण्याची भीती असते. कोणापुढे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाची भिंत असते. त्या आदेशानुसार दलित ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक हे प्रॉटेस्टंट परंपरेतील होते. त्यांनाही हे शल्य जाणवले. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्यासाठी त्यांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ स्थापन केला.

अशा बंधुभगिनींचा न्याय करण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांच्या भीतीचे आणि ओझ्याचे वजन देव जाणतो. पण त्यांना “इच्छा आहे ना, मग पुरे” असे सांगून निश्चिंत करणेही खरेपणाचे ठरणार नाही. खरी इच्छा पाण्याच्या दिशेने चालत असते. वाटेत मृत्यूने अडविले तर गोष्ट वेगळी. त्यांनी धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलावे आणि आपण त्यांच्या सोबतीला उभे राहावे, हा योग्य मार्ग आहे.

आणि ज्यांचे आईवडील, आजीआजोबा ख्रिस्ताचे नाव न ऐकताच गेले, त्यांनी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, त्यांची नावे बिनदिक्कत प्रार्थनेत घ्यावीत. जपानमधील त्या नवख्रिस्ती लोकांना जे उत्तर मिळू शकले नाही, ते आज ख्रिस्तसभा आपल्याला देते : त्यांना देवाच्या दयेवर सोपवा, आणि आशा सोडू नका.

त्या भगिनींचा अंत्यविधी दुसऱ्या दिवशी ख्रिस्ती पद्धतीने झाला. त्यांच्या मुलीने ती पांढरी साडी त्यांना नेसविली होती. शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडताना मुलगा माझ्या शेजारीच उभा होता. नंतर त्याने विचारले, “फादर, ईस्टरच्या रात्री आईसाठी मिस्सेत प्रार्थना होईल का?” त्या रात्री नव्या दीक्षितांची नावे पुकारली गेली आणि मृतांसाठीच्या प्रार्थनेत त्याच्या आईचेही नाव घेतले गेले.

प्रभू येशू आपणा सर्वांना, आणि त्याच्याकडे निघालेल्या प्रत्येक वाटसरूला, आपल्या घरी सुखरूप पोहोचवो.